पेणच्या गच्चीवरचा उणे आकडा

मंदा,

तुझ्या तेराव्याला पेणला येऊन गेले. घरात माणसं मावेनात म्हणून तुझ्या दादाने कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती एका अंगाला सरकवल्या आणि तिथे सतरंज्या टाकल्या. तुझे जुने विद्यार्थी, मिठागरावरच्या बायका, एसटीचा एक कंडक्टर, पुण्याच्या संस्थेतले साहेबसुद्धा. सगळ्यांचे डोळे ओले आणि मी एका कोपऱ्यात बसून विचार करत होते, मी गेले तर रोह्यात इतकी माणसं जमतील का? तुझ्या फोटोला हार घातल्यावर माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. तुला हे सांगितलं असतं तर तू खो खो हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "उषे, तू आधी मर तर खरी, मग बघू."

मला तुझा हेवा वाटायचा. आता हे लपवून कोणाला फसवायचं? बाकीचे लोक तुझ्याविषयी चांगलं चांगलं बोलले. मी बोलायला उभी राहिले नाही, कारण मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आपण दोघी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, तू पेणला, मी रोह्याला. पुण्याच्या संस्थेला कोकणातल्या गडगडाटी ढगांची चाहूल आधी लागायला हवी होती, म्हणून त्यांनी एक मशीन तुमच्या गच्चीवर बसवलं आणि एक आमच्या. लोकांना वाटतं, आभाळात वीज असते ती फक्त कडाडते तेव्हा. स्वच्छ उन्हातसुद्धा आभाळ आणि जमीन यांच्यात सतत एक विजेचा ताण असतो, तो मोजायचा होता. मशीन म्हणजे काय तर खांबावर बसवलेला डबा. त्यात धातूच्या स्थिर पट्ट्या आणि त्यांच्यावर फिरणारा पंखा. पंख्याची पाती पट्ट्यांना घडीत झाकणार, घडीत उघडी टाकणार, आणि उघड्या पट्ट्यांवर आभाळाने जेवढा विजेचा भार जमवला तेवढा आकडा खाली कॉम्प्युटरवर उमटणार. सांगायला सोपं. पण कोकणात उघड्यावर ठेवलेल्या कुठल्याही यंत्राचे काय हाल होतात ते आपल्यालाच माहीत. खारी हवा, कोळिष्टकं, मातीची घरं बांधणाऱ्या कुंभारणी माश्या. एकदा तर माझ्या मशीनमध्ये पाल जाऊन बसली होती.

मशीन नीट आहे की नाही हे बघायची तुझी पद्धत मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. संस्थेने त्यासाठी धातूचं झाकण दिलं होतं, ते तू हरवलंस आणि घरातला भात शिजवायचा अॅल्युमिनियमचा टोप घेऊन आलीस. मशीनवर टोप पालथा घालायचा, त्याला अर्थिंगची तार लावायची, म्हणजे आभाळ दिसेनासं झालं. आता आकडा शून्यावर आला पाहिजे. आला, तर मशीन चोख. नाही आला, तर उघड आणि शोध. तुझ्यामुळे मीही टोपच वापरायला लागले. मग आपला फोन सुरूच व्हायचा तो "टोप घातलास का?" इथून. माझ्या सासूबाईंना वाटायचं, आपण दोघी रोज भाताच्या गप्पा मारतो.

पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझं मशीन वेड्यासारखं करायला लागलं. आकडा शंभरावर, लगेच हजारावर, लगेच उणे. मी ते खोललं, पट्ट्या पुसल्या, पंख्याच्या दांड्याला टेकणारा कार्बनचा ब्रश बदलला, वायरी तपासल्या. काही नाही. पुण्याला फोन केला तर साहेब म्हणाले, "पेणच्या मंदाताईंना विचारा ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी विचारलं.

तू दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरने आलीस, खांद्यावर जाड्या मिठाची पिशवी घेऊन. मला वाटलं, माझ्यासाठी भेट आणलीस. गच्चीवर आलीस, मशीनकडे ढुंकून पाहिलं नाहीस, कठड्यावरून खाली वाकलीस आणि विचारलंस, "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग मशीनने तरी कुठे पाय टेकायचे? तुमचा जांभा दगड मार्चातच कोरडा ठाक होतो."

खड्डा उकरून घेतलास, मीठ आणि कोळसा थरांनी घातलास, वर बादल्या ओतायला लावल्यास. आकडा सुतासारखा सरळ झाला. प्राचार्य खाली उतरून आले तुला बघायला. माझ्याकडे बघायला ते तोवर एकदाही गच्चीवर चढले नव्हते. दुपारी तू अष्टमी गावातल्या माझ्या घरी जेवलीस आणि तू गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "काय हुशार बाई आहे गं!" त्या रात्री मी त्याला शिळा भात वाढला. तू जेवताना म्हणाली होतीस, "उषे, असं कोळंबीचं कालवण मला सात जन्मांत जमायचं नाही." तुला ते मनापासून म्हणायचं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, पहिलं बक्षीस स्वतःच्या पिशवीत घातलं आणि मला उत्तेजनार्थ देते आहे.

मग हे असंच चालत राहिलं. माझ्याकडे काही बिघडलं की मी आधी दोन दिवस स्वतः झटायची आणि नाइलाज झाला की तुला फोन लावायची. तू म्हणायचीस, "फोन मोटारीजवळ धर." मी धरायची. पेणमध्ये बसून तू ऐकायचीस आणि सांगायचीस, "ब्रश झिजलाय, बदल." किंवा "पंख्याला काहीतरी घासतंय, कोळ्याचा धागा असेल, उजेडात बघ." आणि असायचा धागा. तोच आवाज मी रोज ऐकत होते, मंदा! माझे कानही काही वाईट नाहीत. मला गाणं येतं, तुला तर आरतीसुद्धा सुरात म्हणता यायची नाही. पण आवाजातलं दुखणं तुला ऐकू यायचं आणि मला नाही. मी "थँक्यू गं" म्हणायची, फोन ठेवायची आणि कितीतरी वेळ नुसती धुमसत राहायची.

हेही सांगते की मी तुझ्याकडूनच शिकले. संस्थेच्या माहितीपुस्तकात होतं ते मी पाठ केलं होतं. पण बिघाड शोधताना मशीनपासून लांब कसं जायचं, आधी जमीन कशी बघायची, वारा कुठून येतो ते कसं विचारायचं, हे तुझं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी ते माझं म्हणून शिकवते, पण ते तुझं.

आणि मग तुझा तो उणे आकडा. स्वच्छ हवेत आकडा अधिक असतो, सगळ्या जगात असतो. तुझ्या गच्चीवर मात्र हिवाळा सरला की रोज दुपारी, खाडीवरचा वारा सुटला की आकडा उतरायला लागायचा आणि शून्याच्या खाली जायचा. संध्याकाळी वारा पडला की पुन्हा अधिक. आभाळात ढगाचा ठिपका नाही. माझ्याकडे रोह्यात असं काही नव्हतं. पावसाळ्यात तुझ्याकडेही नव्हतं. तू टोप घालून बघितलंस, शून्य. दुसरा टोप घालून बघितलंस, शून्य. म्हणजे मशीन चोख, आणि जे दिसतं ते खरं. तू म्हणालीस, धरमतरच्या खाडीवर वाऱ्याने खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब उडतात, ते भार घेऊन येतात. खाडीच्या वाऱ्याची वीज आपण पेणमध्ये बसून मोजतोय, उषे! तुझा चेहरा कसा उजळला होता. त्यावर तू निबंध लिहिलास, साहेबांनी तो वाचून तुला पुण्याच्या परिषदेत बोलायला बोलावलं. कॉलेजच्या शिक्षिकेला तिथे कोणी बोलवत नाही.

मी तुझं अभिनंदन केलं. पेढेही खाल्ले. ते घशाखाली उतरले नाहीत, एवढंच.

मार्चमध्ये मी आमच्या घरच्या गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला तुझ्या दादाच्या कारखान्यात आले होते. तू म्हणालीस, चल वर, तुला खाडीचा वारा दाखवते. दुपारची वेळ होती. कॉलेजच्या गच्चीला लागूनच दादाच्या कारखान्याचा वरचा मजला, नुसते खांब आणि पत्रा, आणि चारही बाजूंनी सोडलेलं ते मोठं पांढरं प्लास्टिक. आत रंगवलेल्या मूर्ती वाळत होत्या, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक. वारा आला आणि ते प्लास्टिक फुगलं, फडफडलं, एकमेकांवर घासलं. मी कठड्याला टेकून उभी होते. माझ्या हातावरची लव ताठ उभी राहिली.

मी हाताकडे बघितलं, प्लास्टिककडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मंदा, हे प्लास्टिक आहे."

"काय प्लास्टिक?"

"तुझा उणे आकडा. वाऱ्याने प्लास्टिक घासतंय, त्यावर भार जमतोय. पावसाळ्यात ते ओलं असतं म्हणून तेव्हा काही दिसत नाही."

तू हसलीस. "टोप घाल," म्हणालीस. मी घातला. शून्य. "बघ. मशीन चोख हाय."

"मशीन चोखच आहे गं. ते खरंच बोलतंय. पण आभाळाबद्दल नाही, तुझ्या दादाच्या प्लास्टिकबद्दल बोलतंय."

"त्या प्लास्टिकखाली माझं अख्खं बाळपण गेलं. तिथेच पाळणा टांगला होता माझा. मला नाय कळणार?"

"म्हणूनच तुला दिसत नाही. पेणमध्ये कोणालाच दिसत नाही ते."

"हो का? आणि रोह्याहून येऊन तुला दिसलं."

"एकदा काढून बघ ना. वारा सुटलाय तोवर खाली उतरव आणि आकडा बघ. एवढंच म्हणते."

"रंग ओला हाय. धूळ बसली तर दादा मला घराबाहेर काढील." मग तू माझ्याकडे वळलीस. तुझा आवाज बदलला होता. "उषे, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाय. कधीच बघवलं नाय. मला काय कळत नाय असं वाटतं काय तुला?"

मंदा, मी तेव्हा काय बोलायला हवं होतं? तू म्हणत होतीस ते खरं होतं. मला बघवत नव्हतं. मी म्हणत होते तेही खरं असू शकत होतं. पण ज्या बाईला तुझे पेढे गिळवत नाहीत, तिला नेमकं तुझ्या निबंधाच्या मुळावर येणारं प्लास्टिक दिसावं, यावर कोणी विश्वास ठेवावा? माझा तरी कुठे होता? मी गणपती न सांगताच एसटीत बसले. वडखळपर्यंत मनात तुझ्याशी भांडत होते, नागोठण्यापासून स्वतःशी.

त्यानंतर तुझा फोन नाही, माझा नाही. माझ्या मशीनच्या मोटारीत एकदा घरघर सुरू झाली, तर मी फोन उचलून परत ठेवला आणि स्वतःच ब्रश बदलला. घरघर थांबली. तेव्हासुद्धा तुलाच सांगावंसं वाटलं. मग ताप आला म्हणून तुला दवाखान्यात नेल्याचं ऐकलं. साधा ताप, येईल घरी, असंच सगळे म्हणाले. मी म्हटलं, बरी होऊन आली की जाऊ, आजारी माणसाशी भांडता येत नाही. तू घरी आली नाहीस.

तेराव्याला जेवणं झाल्यावर साहेबांनी मला बाजूला बोलावलं. नवी व्यवस्था होईपर्यंत पेणचं मशीन तुम्हीच बघा, म्हणाले. आणि जाता जाता सांगितलं, "मंदाताईंनी निबंध मागे घेतला होता. कारण काही बोलल्या नाहीत. तब्येतच बरी नसेल तेव्हापासून." मला वाटलं, माझ्यामुळे. मी तुझं मन खट्टू केलं, तुझा हुरूपच गेला.

माणसं पांगल्यावर कॉलेजच्या शिपायाकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेले. तुझं मशीन लखलखत होतं. पट्ट्यांखालच्या चिनी मातीच्या ठोकळ्यांवर मिठाचा कण नव्हता. माझं मशीन इतकं स्वच्छ मी कधी ठेवलं नाही, तिथेही तू पुढेच. टोप घातला, शून्य. टोप काढला. वारा सुटला आणि आकडा खाली खाली जात उणे झाला. शेजारी प्लास्टिक फडफडत होतं. आता मला अडवणारं कोणी नव्हतं. प्लास्टिक उतरवायला सांगायचं, आकडा बघायचा, सोक्षमोक्ष.

आणि मला भीती वाटली. आकडा हलला नाही तर? तर खाडीचा वारा खरा, तुझा निबंध खरा, आणि तू मला शेवटचं जे बोललीस तेवढीच मी. नुसती जळकी बाई, जिने हेव्यापायी प्लास्टिक बघितलं आणि तुझी एवढी मोठी गोष्ट मोडली. मग खाली उतरले, कारण हे कळल्याशिवाय मला रोह्याला परत जाता येणार नव्हतं.

तुझी सुगंधा वहिनी सतरंज्या झटकत होती. मी म्हटलं, "वहिनी, आज विचारायची वेळ नाही, पण वरचं प्लास्टिक थोडा वेळ उतरवता येईल का?"

वहिनीने सतरंजी खाली ठेवली. "परत?"

"परत म्हणजे?"

"अवो उषाताई, मंदीने दोन खेपा काढाय लावलान. तुमी येऊन गेल्याव, त्याच आठवड्यात. किती मूर्त्यांवर धूळ बसली, पुसून पुसून माझे हात मोडले. ह्यांनी तोंड सोडला तिच्यावर, तरी ऐकते कोन?"

"मग? काय झालं?"

"मना काय कळतंय त्यातला? प्लास्टिक उतरवला नि वर गेली. खाली येऊन बोलली, परत लावा. लावला. परत वर. दुसऱ्या दिवशी तसाच. मंग हितं पायरीवर बसली नि हसाय लागली. मी बोलले, काय गो झाला? तर बोलली, वहिनी, रोह्याची उषी बरोबर निघाली गो. मी जन्मले या प्लास्टिकखाली नि दिसला कोनाला, तर तिला! असा राग आलाय मना, असा राग आलाय. आजवर ती माझ्यावर जळायची, आज मना कळला जळनं काय असतं."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं तिने?"

"मी बोलले ना तिला, फोन लाव, सांग. तर बोलली, सांगनार हाय गो. तिला नाय सांगनार तर कोनाला? पन थोडे दिस थांब. आधी मना पोटभर जळू दे." वहिनीने डोळ्यांना पदर लावला. "लय हसली व्हती त्या दिवशी. मंग ताप आला. काढू काय प्लास्टिक?"

"नको," मी म्हटलं. "मूर्तींवर धूळ बसेल."

तर मी जिंकले, मंदा. माझ्या हेव्याला दिसलं असो की माझ्या डोळ्यांना, जे दिसलं ते खरं होतं, आणि म्हणूनच तू निबंध मागे घेतलास. परतीच्या एसटीत मी आनंद व्हायची वाट बघत बसले होते. झाला नाही असं नाही, थोडा झाला. पण सबंध वाट डोळ्यांपुढे तू होतीस, पायरीवर बसलेली, रागाने लाल आणि हसणारी. मी इतकी वर्षं जळले ती तोंड गोड ठेवून, पेढे गिळून, कोणाला पत्ता न लागू देता, आणि एक दिवसही त्यातून मला सुख मिळालं नाही. तू जळलीस ती मोठ्याने, वहिनीला सांगून, माझं नाव घेऊन, पोटभर. सगळ्या गोष्टी तुला माझ्याहून चांगल्या जमायच्या, ते मी कसंबसं सोसलं. जळणं तेवढं माझं होतं गं. तेही तू माझ्याहून चांगलं केलंस.